मी पायाळू, आणि माझा धंदा विजेचा

माझा जन्म पायांकडून झाला. डोकं आधी यायचं, ते पाय आधी आले. गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात, घरच्याच खोलीत, सुईणीच्या हातून. सुईण बाहेर येऊन 'पायाळू आसा' म्हणाली आणि माझ्यावर दोन शिक्के कायमचे बसले. पहिला असा की कोणाच्या पाठीत उसण भरली की त्याने ओणवं व्हायचं आणि मी पाय लावायचा. दुसरा असा की आभाळ भरून आलं की मला घरात कोंडायचं, कारण पायाळू माणसाला वीज ओढते. शाळेतून येताना गडगडायला लागलं की बरोबरची पोरं माझ्यापासून दहा हात लांब चालायची. एकाने तर मला त्याची छत्री दिली होती, पण ती रस्त्यावर ठेवून, मागे सरकून.

असा मी पुढे आयटीआय करून वायरमन झालो, यात देवाचा काहीतरी विनोद असावा. आज सत्तावीस वर्षं घरांचं वायरिंग करतो आणि बाजारात दुरुस्तीचं दुकान चालवतो. इन्व्हर्टर, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, जे येईल ते.

दुकानाचे दोन हंगाम आहेत, मे आणि ऑक्टोबर. जुलैत बाहेर धो धो कोसळत असतं, रस्त्यावर गुडघाभर पाणी असतं, पण जळालेला टीव्ही क्वचितच येतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र सकाळी शटर वर करायच्या आधी माणसं उभी असतात. 'पात्रांव (म्हणजे शेठ), टीव्ही गेलो.' 'पात्रांव, वायफाय गेलें.' मला वाटायचं, जास्त पाऊस तिथे जास्त वीज. तसं नाही. मे महिन्यात जमीन तव्यासारखी तापलेली असते, समुद्रावरून दमट वारा येतो, वर सह्याद्री त्याला उचलून धरतो आणि दुपारनंतर ढग भाताच्या फेसासारखा उतू जातो. बारा-पंधरा किलोमीटर उंच. असल्या उंच ढगातच वीज तयार होते. पाच जूनच्या आसपास मान्सून आला, स्थिरावला, की जमीन थंड होते, ढग बुटके होतात, पाऊस भरपूर आणि गडगडाट कमी. ऑक्टोबरात ऊन पुन्हा चटके देऊ लागतं आणि संध्याकाळचे मनोरे पुन्हा उभे राहतात.

गिऱ्हाईक विचारतं, ढगात करंट येतो कुठून, तिथे कोणी जनरेटर ठेवलाय? तर मी साबुदाण्याचं उदाहरण देतो. ढगात सहा-सात किलोमीटरच्या वर सगळं गोठणबिंदूच्या खाली असतं. तिथे साबुदाण्याएवढ्या मऊ गारा असतात आणि त्याहून कितीतरी हलके बर्फाचे कण. वरच्या झोतात कण वर उडतात, गारा जड म्हणून मागे राहतात, आणि जाता-येता ते एकमेकांना आपटतात. प्रत्येक आपटीत थोडा भार इकडचा तिकडे होतो. गारांकडे ऋण, कणांकडे धन. कण वर जातात, गारा खाली. अशा कोट्यवधी आपट्या झाल्या की ढगाचा माथा धन आणि पोट ऋण. स्वेटर काढताना चटचट होतं त्यातलाच प्रकार, असं शाळेच्या पुस्तकात असतं. पण गोव्यात स्वेटर घालतो कोण? साबुदाणा बरा.

आजीकडे याचं काही स्पष्टीकरण नव्हतं, पण तिच्याकडे अर्जुनाची दहा नावं होती. आमच्या घरात बोलणं कोकणी आणि देवापुढचं सगळं मराठी नाहीतर संस्कृत. वीज चमकली की आजी सोप्यावरून ओरडायची, 'रे, भितर यो!' मला पाटावर बसवायची, खिडकीच्या गजांपासून लांब, आणि डोळे मिटून सुरू करायची: अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. अर्जुन इंद्राचा मुलगा, वज्र इंद्राचं. मुलाचं नाव घेणाऱ्यावर बाप कशाला हात टाकेल? तर्क म्हणून वाईट नाही.

मोठेपणी एकदा मी घड्याळ लावून बघितलं. आजीच्या संथ चालीत एका नावाला साधारण एक सेकंद लागतो, दहा नावांना दहा. उजेड आपल्याला क्षणात दिसतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटर चालत येतो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. चमक दिसल्यावर सुरुवात केली आणि 'धनंजय'ला गडगडाट ऐकू आला तर वीज सव्वातीन-साडेतीन किलोमीटरवर. 'जिष्णू'ला आला तर एका किलोमीटरवर. आजीने नकळत माझ्या हातात मोजपट्टी दिली होती. जगभर सांगतात तो नियमही याच हिशेबाचा आहे: चमक आणि आवाजात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर लगेच पक्क्या घरात, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. तीस सेकंद म्हणजे आजीची तीन आवर्तनं. मी अजून तसंच मोजतो. छतावर चढलेलो असलो आणि वीज चमकली, की हातातला पक्कड खिशात आणि तोंडात अर्जुन. खरं सांगायचं तर मोजत बसायचीही गरज नाही. गडगडाट जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीज पावसाच्या पुढे तेवढीच लांब जाऊन पडू शकते. कानावर आला, म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आलो.

आता चार वर्षांपूर्वीचा मे.

पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. अंगणात चटईवर सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत घातलेली, शेजारी सुपात सुक्या मिरच्या. संध्याकाळचे पाच वाजले असतील. शेजारच्या सत्तरी तालुक्याच्या बाजूला डोंगर काळा झाला होता. पहिली चमक दिसली तेव्हा तिसरं आवर्तन संपता संपता लांबवर रिकामा डबा घरंगळल्यासारखा आवाज आला. पुढची दोन आवर्तनांवर. मग 'सव्यसाची'. बायको सोलां गोळा करायला अंगणात गेली. मी म्हटलं, राहू दे. 'वर्षाचं आमसूल आहे, विकत आणून देणार आहेस?' असं तिचं उत्तर. मग 'किरीटी'ला आवाज आला आणि मी तिला हाताला धरून आत ओढली. सोलां भिजली. त्यावरून मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

आम्ही आत येऊन दोन मिनिटं झाली नसतील. चमक आणि आवाज एकत्रच आले. गडगडाट नाहीच, कानाशी कोणी फळी मोडावी तसा कोरडा कडाका. आधी एक बारीकशी टिच्क ऐकू आल्यासारखी वाटली. मग अंधार, आणि वेल्डिंगच्या दुकानात येतो तसा वास.

शेजारच्या काकांच्या भाटातला, म्हणजे माडांच्या बागेतला, कुंपणालगतचा माड. आमच्या सोप्यापासून पंचवीस पावलं. त्याच सकाळी पाडेली त्यावर चढून नारळ काढून गेला होता. बाहेरून बघितलं तर माडाला काही झालेलं दिसेना. आग नाही, भेग नाही. दुसऱ्या दिवशी त्याची चुडतं, म्हणजे झावळ्या, मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखी खाली लोंबली, आठवड्याने खोडातून तांबूस रस पाझरू लागला, आणि पावसाळा संपेपर्यंत तो गेला. त्याच्या भोवतीचे आणखी तीन माडही हळूहळू गेले, ज्यांच्यावर वीज पडलीच नव्हती.

पण त्या संध्याकाळी माडाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माडापासून बारा पावलांवर आंब्याखाली काकांच्या दोन गाई बांधलेल्या होत्या. दोन्ही आडव्या. अंगावर ओरखडा नाही, भाजल्याची खूण नाही. आणि त्या दोघींच्या मधे एक गावठी कोंबडी, भिजून अर्धी झालेली, पण जिवंत, माती उकरत होती.

काका रडत होते. मला मात्र ती कोंबडी डोक्यातून जाईना. तोपर्यंत विजेची माझी सगळी भीती वरून येणाऱ्या विजेची होती. वरून येते, टाळक्यात बसते, संपलं. इथे वीज पडली माडावर आणि मेल्या बारा पावलांवरच्या गाई.

झालं ते असं. तळ्यात दगड टाकला की वलयं उठतात, तशी माडाच्या बुंध्यातून जमिनीत शिरलेली वीज चारी बाजूंना पसरते. बुंध्याशी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, प्रचंड, लांब जावं तसा उतरत जातो. गाय बुंध्याकडे तोंड करून उभी असेल तर तिचे पुढचे पाय जास्त दाबाच्या वलयात आणि मागचे दीड मीटर मागे, कमी दाबाच्या वलयात. दोन टोकांत दाबाचा फरक पडला की करंट वाहणारच. तो पुढच्या पायांतून वर चढतो, छातीतून जातो आणि मागच्या पायांतून उतरतो. वाटेत काळीज असतं. कोंबडीचे दोन पाय चार बोटांच्या अंतरावर, तिच्या वाट्याला फरक आला तो एवढासाच.

आणि माणूस? आपण दोन पायांवर, म्हणून गाईपेक्षा बरे. पण पाय फाकून उभं राहणं, जमिनीवर आडवं पडणं, झाडाच्या खोडाला टेकणं, हे सगळं गाईसारखं होणं आहे. विजेने मरणाऱ्यांत थेट अंगावर वीज पडलेले थोडेच असतात. जमिनीतून आलेल्या आणि झाडावरून बाजूला उडी मारलेल्या विजेने दगावतात ते जास्त. देशात २०२२ साली विजेने २,८८७ माणसं गेली, ही सरकारी गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी. पुराने गेलेल्यांची बातमी पहिल्या पानावर येते. ही माणसं शेतात एक, झाडाखाली दोन अशी जातात, आतल्या पानावर चार ओळी.

आता माझी फजिती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण माझ्याबाबतीत शब्दशः खरी आहे. त्या संध्याकाळी मी टीव्हीचा प्लग काढला होता. छतावरच्या डिशमधून सेट-टॉप बॉक्सला येणारी वायर तशीच होती. वीज तिथून आली, बॉक्स गेला, तिथून टीव्हीत गेली, टीव्ही गेला. इन्व्हर्टरचं कार्ड काळं पडलं. राउटरच्या अडॅप्टरचं टोपण उडून देव्हाऱ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी अर्थ टेस्टर लावून घराची अर्थिंग, म्हणजे जादा करंट जमिनीत उतरवणारी जोडणी, मोजली तर अडथळ्याचा काटा ४० ओहमवर. पाचाच्या आत हवी, हे मी गिऱ्हाइकांना दर आठवड्याला सांगतो. खड्डा उकरून बघितला तर आतला कोळसा-मीठ केव्हाच धुऊन गेलेलं, आणि भोवती कोरडा ठणठणीत जांभा. ओल नसलेला जांभा करंट मुरवून घेत नाही. गोव्यातली गोम अशी की जमीन सगळ्यात कोरडी असते ती मेच्या अखेरीस, आणि विजा येतात त्याही तेव्हाच. म्हणून आता एप्रिल लागला की मी अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओततो आणि ज्यांचं वायरिंग केलंय त्यांनाही फोन करून ओतायला लावतो. तुळशीला पाणी घालताना तिकडेही घाला, म्हणतो.

बरं, नुसतं बटण बंद केलं की झालं, असं समजणारे पुष्कळ. मेन स्विच पाडला, एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, खाली केला, आता काय होतंय? ढगापासून तीन-चार किलोमीटर हवा फाडत आलेल्या विजेला बटणातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीचं काय कौतुक? प्लग उपसून काढायचा, डिशची वायर सोडायची, आणि हे ढग लांब असताना करायचं. डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नका, टीव्ही जाऊ दे. वीजमीटरपाशी सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला तर वायरीतून येणारा बराचसा धक्का तो पोटात घेतो, पण अर्थिंग धड असेल तरच. नाहीतर त्याने तो टाकायचा कुठे?

हाच घोळ तडितरक्षकाबाबत. गच्चीवर तांब्याची सळई लावली की वीज येतच नाही, असं लोकांना वाटतं. ती येते, सळई तिला घरातून न जाता बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरायची वाट करून देते. बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ मध्ये पतंगाचा प्रयोग केला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना जागच्या जागी मेला, ते कोणी सांगत नाही. घरावर उभारलेली त्याची सळई जमिनीला जोडलेलीच नव्हती. वायरमन म्हणून मला फ्रँकलिनपेक्षा रिखमान जास्त आठवतो.

दुकानात दर मे महिन्यात एक हुशार येतो: 'ही वीज बॅटरीत भरून ठेवता येणार नाही का? बिलाची कटकट मिटेल.' मी पाटीवर हिशेब करून दाखवतो. एका विजेत साधारण एक अब्ज ज्यूल ऊर्जा धरली, तर युनिट होतात पावणेतीनशेच्या आसपास. एसी असलेल्या घराचं महिन्याभराचं बिल. तेही हाती लागलं तर. त्यातलं बहुतेक हवा तापवण्यात, उजेडात आणि आवाजात जातं. एवढ्या विजेसाठी तीस हजार अँपिअरचा करंट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात झेलायचा. तुमच्या घरचा मेन एमसीबी बत्तीस अँपिअरचा आहे. तो माणूस गप्प होतो आणि मिक्सर घेऊन जातो.

तीस हजार हा आकडा आणखी एका ठिकाणी येतो. वीज ज्या बोटभर जाड वाटेने जाते तिथली हवा तीस हजार अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापलेली हवा स्फोटासारखी फुगते, तो गडगडाट. आणि चमक लुकलुकते ना, ट्यूबलाइट पेटताना फडफडावी तशी? त्याच वाटेने तीन-चार विजा पाठोपाठ उतरतात म्हणून. एका जागी वीज दोनदा पडत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काकांचा माड अर्ध्या सेकंदात तीनदा-चारदा मारला गेला असणार.

आजीचं सगळंच बरोबर नव्हतं. घरात घ्यायचं, गजांना हात लावायचा नाही, आंघोळीला जायचं नाही, हे पक्कं. नळाच्या लोखंडी पाइपातून वीज आत येऊ शकते. पण गडगडाट वाढला की ती स्वतः कोयता घेऊन अंगणात जायची आणि तुळशीपलीकडे फेकून यायची, म्हणजे वीज लोखंडावर जाईल, घरावर नाही. वीज फुटभर कोयत्याला विचारत नाही. तिला दिसते ती उंची: माड, टॉवर, आणि मोकळ्या अंगणात कोयता घेऊन उभी असलेली आजी. पायाळू नातू आत सुरक्षित, आणि म्हातारी बाहेर.

माझ्याकडून विचारलं नसताना सांगतो. काजूच्या डोंगरावर असाल तर पहिल्या गडगडाटाला खाली या, बोंडू उद्या गोळा होतील. फुटबॉलच्या मैदानावरून मुलांना बोलवा. ती तुम्हाला शिव्या देतील. दुचाकीवर असाल तर रबरी टायर वाचवतील ही आशा सोडा, उघड्या बसथांब्याच्या पत्र्याखालीही नको, पुढचं पक्कं घर, दुकान, देऊळ गाठा. चारचाकीत काचा वर करून बसलेलं चालतं, तेही टायरमुळे नव्हे. वीज पत्र्याच्या टपावरून बाहेरच्या बाहेर उतरते. मोबाइलवर बोलायला हरकत नाही, चार्जिंगला लावलेला असताना नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप फुकट आहे, आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात कुठे वीज पडतेय ते दाखवतं. मी गच्चीवर चढायच्या आधी ते उघडतो. आणि कोणावर वीज पडलीच तर हात लावायला घाबरू नका. अंगात करंट साठून राहत नाही. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावायला सांगून छाती दाबायला, तोंडाने श्वास द्यायला लगेच सुरुवात करा. वीज लागलेला माणूस मेल्यासारखा दिसतो आणि तरी परत येऊ शकतो. गाईंच्या बाबतीत आम्ही नुसते उभे होतो.

काहीच जवळ नसेल, उघड्या माळावर अडकलात, तर झाडापासून लांब, दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसा. सुरक्षित नाही, नाइलाज आहे.

काकांना मी हे सगळं समजावून सांगितलं. वलयं काढून दाखवली, कोंबडीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण गाई गेल्यावर चार दिवसांनी वाडीत कुजबुज माझ्या कानावर आलीच होती, की शेजारी पायाळू राहतो, आणखी काय होणार. कोणी सुरू केली ते मी विचारलं नाही. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

जुलैत एका सकाळी ते कुंपणापलीकडून वाकडे वाकडे होत आले. भात लावणीला गेले होते, पाठीत उसण भरली होती. सोप्याच्या खांबाला धरून ओणवे झाले आणि म्हणाले, 'तुजो पांय लाय मात्सो.' जून महिनाभर मी त्यांना दोन पाय जुळवा म्हणून सांगत होतो, त्यांना माझा एकच हवा होता. मी चप्पल काढली.